दोन पोलीस, एक जीप: जोडगोळीची शॉर्टफिल्म मराठवाड्यात कशी करावी

शॉर्टफिल्म करणारी पोरं हल्ली मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला भेटतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पहिली फिल्म पोलिसांवरच करायची असते. काळा गॉगल, जीपमधून सावकाश खाली येणारा बूट, मागं ढोल. हौस आहे तर जरूर करा. फक्त एकटा पोलीस घेऊ नका. दोन घ्या, आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटू देऊ नका.

यात पैशाचाही हिशेब आहे. एकटा सिंघमछाप हिरो उभा करायचा तर गाड्या उडवाव्या लागतात, कारण त्याच्याकडे बघण्यासारखं दुसरं काही नसतं. भांडणाऱ्या दोघांना जीपची पुढची दोन सीटं पुरतात. जगभर या प्रकारच्या फिल्म चालतात त्या स्फोटांमुळे नव्हे. एकमेकांना सोडून जाता येत नाही अशी दोन माणसं हुज्जत घालतात आणि प्रेक्षक त्या हुज्जतीत बाजू घेतो, म्हणून त्या चालतात. मारामारी मध्येमध्ये येऊन हुज्जत थांबवते, एवढंच तिचं काम. हे डोक्यात पक्कं असेल तर पुढचं सगळं सोपं जाईल.

१. आधी बघा, पण वही घेऊन

चारच नावं सांगतो. ‘४८ अवर्स’ (१९८२): निक नोल्टी पोलीस, आणि एडी मर्फी तपासासाठी दोन दिवस तुरुंगाबाहेर काढलेला कैदी. ‘लेथल वेपन’ (१९८७): डॅनी ग्लोव्हर बायकापोरांचा पन्नाशीतला अधिकारी, मेल गिब्सन बायको गेल्यावर जिवावर उदार झालेला. ‘रश अवर’ (१९९८): हाँगकाँगचा जॅकी चॅन आणि लॉस एंजेलिसचा ख्रिस टकर. आणि आपला ‘दे दणादण’ (१९८७), महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे.

पाठलाग कितीदा झाला ते मोजत बसू नका. वहीत तीन गोष्टी लिहा. कुठल्या भांडणात कोण बरोबर होतं? दोघं पहिल्यांदा एकमत कधी झाले? एक जण समोर नसताना दुसरा त्याच्याबद्दल काय बोलला? ‘लेथल वेपन’मध्ये एकटा राहणारा पोलीस जोडीदाराच्या घरी जेवायला जातो, तो प्रसंग दोनदा बघा. ते जेवण झालं म्हणून पुढच्या गोळीबाराला वजन येतं. जेवण काढून टाका, मग उरतात नुसत्या गोळ्या.

इंग्रजी बघायचा कंटाळा असेल तर तमाशातली बतावणी बघा. एक जण सरळ विचारतो, सोंगाड्या वाकडं उत्तर देतो, आणि सरळ विचारणाराच हळूहळू गोत्यात येतो. जोडगोळीचं व्याकरण आपल्या मातीत आधीपासून आहे.

२. जोडी जुळवा, गोष्ट नंतर सुचेल

इथे घाई करू नका. फिल्म पडते ती बहुतेक इथेच.

नवखे लोक ‘एक रागीट, एक विनोदी’ अशी जोडी करतात. ती दहा मिनिटांत संपते, कारण विनोदी माणूस विनोद करतो, रागीट माणूस रागावतो, आणि पुढे दोघांनाही काम उरत नाही. जोडी अशी हवी की एकाला जे येतं ते दुसऱ्याला येत नाही, आणि दोघांनाही हे कबूल करायचं नाही.

आपल्याकडची एक तयार जोडी देतो, हवी तर उचला. बीड जिल्ह्यातल्या केजकडचा एक जमादार, वय सत्तावन्न. अठ्ठावन्नला निवृत्ती, म्हणजे शेवटचं वर्ष. त्याच्यावर साहेब म्हणून आलेली फौजदार मॅडम, वय सव्वीस, छत्रपती संभाजीनगरची, इंजिनिअरिंग करून एमपीएससीतून आलेली. कागदावर ती वरिष्ठ. गावात मात्र लोक आधी जमादाराला रामराम घालतात. तो तिला ‘अहो मॅडम’ म्हणतो, ती त्याला ‘काका’ म्हणते, आणि सॅल्यूट त्यानं ठोकायचा असतो. हुद्दा एकाचा, वय दुसऱ्याचं. यातून निघणारी प्रत्येक कुरबूर आपल्या प्रेक्षकानं स्वतःच्या ऑफिसात, बँकेत नाहीतर शाळेत पाहिलेली आहे.

आता कायद्यानंच तुमच्यासाठी विनोद लिहून ठेवलाय. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं. चारसोबीस म्हणजे फसवणूक ३१८ मध्ये गेली. समजा, शेतातल्या डीपीतली, म्हणजे विजेच्या रोहित्रातली, तार चोरीला गेलीय. तीस वर्षं जुने आकडे (चोरीचं ३७९ वगैरे) पाठ केलेला जमादार आणि नवीच संहिता शिकून आलेली फौजदार यांना एका जीपमध्ये बसवा:

— मॅडम, तीनशे एकोणऐंशी टाका अन् मोकळं व्हा.
— काका, ते गेलं. आता तीनशे तीनचं दोन. शिवाय डीपीची तार आहे म्हणून विद्युत कायद्याचं एकशे छत्तीस.
— चोर तरी तोच ठेवलाय का तोबी बदलला?

बघा, इथे जोक कुणीच केलेला नाही. दोघंही आपापल्या जागी गंभीर आहेत. पात्राला आपण विनोद करतोय हे कळलं की प्रेक्षक हसायचा थांबतो. ही अट मी नटांना पहिल्याच वाचनाला सांगतो.

बोलीबद्दल एक सूचना. मराठवाडी बोली एकच नाही. बीडचं बोलणं वेगळं, लातूर-नांदेडचं वेगळं, संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यांतली दख्खनी आणखी वेगळी. पात्र केजचं असेल तर केजच्याच एखाद्या म्हाताऱ्याला संवाद वाचून दाखवा आणि तो जिथे तोंड वाकडं करील तिथे खूण करा. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत ऐकलेली ‘गावरान’ भाषा वापरू नका. ती कुठल्याच गावात बोलत नाहीत.

३. गुन्हा लहान, अडचण मोठी

अतिरेकी, ड्रग माफिया, मंत्र्याचं अपहरण: सगळं बाजूला. तुमच्याकडे बारा-पंधरा मिनिटं आणि एक बोलेरो आहे. शेतातल्या डीपीतली तांब्याची तार गेली, विहिरीवरची मोटर गेली, आडतीवरून सोयाबीनची पोती गेली, असा गुन्हा घ्या. पेरणीच्या किंवा पाणी देण्याच्या दिवसांत डीपी बंद पडणं म्हणजे काय हे प्रेक्षकाला समजावत बसावं लागत नाही.

मग त्या गुन्ह्याचा तपास असा रचा की पहिला धागा जमादाराला मिळेल, कारण कुठल्या टपरीवर कोण किती वाजता चहा पितो हे त्याला ठाऊक आहे. दुसरा धागा मॅडमला, मोबाइलच्या लोकेशनवरून. तिसरा धागा दोघांची माहिती एकत्र आल्याशिवाय सापडूच नये. कथा एवढीच. यापेक्षा जास्त वळणं घातलीत तर भांडायला वेळ उरणार नाही.

दोन सापळे आहेत, दोन्ही जुन्या पोलिसी फिल्मांतून आलेले.

पहिला: चोर म्हणून पारधी किंवा दुसऱ्या भटक्या-विमुक्त समाजाचं पात्र दाखवणं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, तरी तो शिक्का गावोगाव अजून पुसलेला नाही. तुमच्या बारा मिनिटांनी तो पुन्हा उमटवू नका. चोर गावचा प्रतिष्ठित निघाला तर गोष्टही जास्त रंगते.

दुसरा: कोठडीतली मारहाण हशा मिळवायला वापरणं. हॉलिवूडच्या या फिल्मांचा मला न आवडणारा भाग हाच. संशयिताला चेपणं तिथे खोडकरपणा म्हणून खपवतात. आपल्या भागात त्या जखमा ओल्या आहेत. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात काय घडलंय हे तुम्हाला माहीत नसतं.

४. कागदपत्रं

‘गावातच तर करायचंय, कागद कशाला’ असं मित्र म्हणतील. ऐकू नका. एक प्लॅस्टिकची फाइल करा आणि शूटिंगच्या दिवशी ती जबाबदार माणसाच्या हातात द्या.

- ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत शूटिंग आहे तिथे अर्ज: तारखा, वेळा, जागा, किती माणसं, गणवेश आणि नकली शस्त्रं वापरणार असल्याचा स्पष्ट उल्लेख. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.
- ग्रामपंचायतीचं किंवा नगरपालिकेचं ना-हरकत पत्र.
- शेत, वाडा, दुकान, कापसाची जिनिंग ज्याचं असेल त्याची लेखी संमती. भाऊबंदकीतली जमीन असेल तर दोन्ही भावांची. एकाची सही घेऊन गेलात की दुसरा दुपारी हजर होतो.
- प्रत्येक नटाचं संमतिपत्र.
- लहान मूल काम करणार असेल तर पालकांच्या संमतीबरोबर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही. मुलांना दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही.
- गाडीची आरसी, विमा, चालवणाऱ्याचा परवाना.

वेरूळ, अजिंठा, देवगिरी किल्ला आणि बीबी का मकबरा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. तिथे शूटिंगला त्यांची परवानगी वेगळी लागते. नळदुर्ग राज्य पुरातत्त्व विभागाच्या अखत्यारीत येतो. रेल्वे स्टेशन हवं असेल तर परभणी, जालना, नांदेड दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात, पण लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. चुकीच्या विभागात अर्ज केला तर तो फिरत राहतो. पहिल्या फिल्मला स्टेशन आणि लेणी दोन्ही टाळा, असंच माझं मत.

ड्रोनचा मोह सगळ्यांनाच होतो. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण कुठे उडवता येतं याचा नकाशा डिजिटल स्काय पोर्टलवर बघूनच जा. चिकलठाणा विमानतळाच्या आसपास तर आधी नकाशा, मग रिमोट.

बैल, घोडा, शेळी यांना ‘अभिनय’ करायला लावलात तर प्राणी कल्याणाचे नियम लागू होतात आणि कागद वाढतात. बैल कथेत आणूच नका. त्याच्या चोरीबद्दल नुसतं बोलू द्या.

५. वर्दी आणि बंदूक

गणवेश ड्रेपरीवाल्याकडे भाड्यानं मिळतो. तो देईल तो घेऊ नका. गॅदरिंगच्या नाटकातला ढगळ शर्ट कॅमेऱ्यात लगेच ओळखू येतो. हवालदाराच्या (आपल्या जमादाराच्या) बाहीवर तीन फिती, उपनिरीक्षकाच्या म्हणजे फौजदाराच्या खांद्यावर दोन तारे. एवढं तरी बरोबर हवं, नाहीतर प्रेक्षकांतला एखादा निवृत्त पोलीस शेवटपर्यंत तेवढंच बोलत बसेल.

कायद्याची बाजू नीट समजून घ्या. लोकसेवक असल्याचं भासवण्यासाठी त्याचा पोशाख घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. त्यात हेतू बघतात, म्हणून शूटिंगसाठी घातलेली वर्दी वेगळी ठरते. पण तुमचा हेतू शूटिंगचा आहे हे रस्त्यावरच्या माणसाला कसं कळणार? म्हणून काही शिस्त पाळा. वर्दी जागेवर जाऊनच चढवायची. मध्येच चहाला जायचं तर वरून साधा शर्ट. वर्दीतला नट मोटारसायकलवर गावभर फिरता कामा नये, आणि ‘जरा गंमत’ म्हणून ट्रकवाल्याला हात दाखवता कामा नये. खासगी गाडीवर ‘पोलीस’ लिहायचं तर ते चुंबकाच्या पट्टीवर. शॉट संपला की पट्टी उतरवा. फिल्ममधल्या ठाण्याला खरं नाव देऊ नका. एखादं गाव कल्पून घ्या.

बंदूक खेळण्यातलीच. तीही पिशवीतून न्यायची, शॉटपुरती बाहेर काढायची. लांबून कुणी बघून ११२ ला फोन केला तर गाडी येते, आणि तेव्हा ती पोच घेतलेली प्रत कामाला येते. खरं सांगायचं तर जोडगोळीच्या विनोदाला बंदूक लागतच नाही. जमादाराची काठी जीपच्या दारात अडकणं पुरेसं आहे.

६. दिवस आणि जागा

मार्चअखेरपासून जूनपर्यंत दुपारी उन्हात शूटिंग ठेवू नका. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो, खाकी शर्ट घामानं काळा पडतो, मेकअप उतरतो आणि मोबाइल गरम होऊन बंद पडतो. सकाळी सात ते दहा, मग चारनंतर. मधल्या वेळेत वाड्याच्या ओसरीवरचे प्रसंग घ्या. सगळ्यात सोयीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण त्यातही एक गोम आहे. धारूर, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयते निघतात आणि गावं अर्धी रिकामी होतात. गर्दीचा प्रसंग तिकडे असेल तर त्याआधी उरका.

जागा कमी ठेवा. जीप, ठाणं म्हणून एखादी जुनी खोली, एक टपरी, एक शेत, आणि शेवटच्या झटापटीला बंद पडलेली जिनिंग किंवा वीटभट्टी. बारवेत मारामारी करायची कल्पना प्रत्येकाला सुचते. पायऱ्यांवर शेवाळ असतं, नाद सोडा.

७. मारामारी

हिच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. कमी पैशातल्या मारामारीत लोक कॅमेरा हलवतात आणि पटापट कट मारतात, म्हणजे ठोसा लागला नाही हे लपतं. त्याबरोबर विनोदही लपतो. जॅकी चॅनच्या फिल्मांत शॉट मोकळा असतो, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, आणि मार व त्याचा परिणाम एकाच चौकटीत घडतात. तुम्हीही कॅमेरा तिपाईवर ठेवा आणि माणसांना हलू द्या.

पात्राला मारामारीच्या वेळी दुसरं एक काम द्या. ‘रश अवर’च्या शेवटी जॅकी चॅन गुंडांशी लढता लढता प्रदर्शनातल्या मौल्यवान फुलदाण्या फुटू नयेत म्हणून झेलत असतो. आपल्याकडे याहून भारी निमित्त आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करावं लागतं. म्हणजे फौजदार मॅडमच्या हातात मोबाइल आहे, पंचनामा चालू आहे, आणि त्याच क्षणी चोर पोत्यांमागून निघतो. मोबाइल बंद केला तर पंचनामा खराब, चालू ठेवला तर एकच हात मोकळा. ती एका हातानं लढते, जमादार कॅमेऱ्यात नीट यायला धडपडतो, आणि पंच कोपऱ्यात उभं राहून विचारतो, ‘सही कुठं करायची?’

सरावाशिवाय काही करू नका. प्रत्येक हालचाल आकड्यांवर बसवा: एक, दोन, तीन, पड. पडायच्या जागी कडबा किंवा गादी, फ्रेमच्या बाहेर. पाठलाग चालत्या वाहतुकीत मुळीच नको. शेतरस्त्यावर गाडी वीस-पंचवीसच्या वेगानं चालवा, कॅमेरा जमिनीजवळ ठेवा आणि एडिटमध्ये वेग दहा-पंधरा टक्के वाढवा. बघणाऱ्याला ती उडत गेल्यासारखी वाटेल. प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर फाइलमध्ये हवाच.

८. आवाज

साहित्यात पैसे घालायचे तर आधी यात घाला. चित्र थोडं खराब असेल तर लोक चालवून घेतात, पण संवाद ऐकू आला नाही की उठून जातात. आणि तुमची फिल्म तर सगळी संवादावरच उभी आहे.

लागणारं सामान: दोन कॉलर माइक (नट दोन, म्हणून माइकही दोन), वाऱ्यासाठी केसाळ टोप्या, हेडफोन, तिपाई, उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा, पॉवर बँक. शेतातल्या लाइनवर विसंबू नका. जीपमधला प्रसंग इंजिन बंद ठेवून घ्या. दोन पोरांनी मागून गाडी हलवली की काम होतं. इंजिनचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर जोडा. प्रत्येक जागी मिनिटभर नुसती शांतताही रेकॉर्ड करा, एडिटिंगला लागते.

भांडणात नट एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकतात. वाइड शॉटमध्ये टाकू द्या. क्लोजअपमध्ये मात्र एकानं थांबायचं, नाहीतर कापायला जागाच राहत नाही.

९. एडिट

जोक संपला की लगेच कट मारू नका. ऐकणाऱ्याचा चेहरा ठेवा. हसू बोलणाऱ्यावर फुटत नाही, ऐकणाऱ्यावर फुटतं. ‘टॉइंग’ वगैरे आवाज घालू नका. फिल्मी गाणं तर अजिबात नको, कॉपीराइटचा दावा येतो. गावातल्या हलगीवाल्याला बोलवा, मोबदला द्या, वाजवून घ्या आणि त्याचीही लेखी संमती ठेवा.

१०. दाखवायची कुठे

पहिला खेळ शूटिंग झालं त्या गावात, पांढऱ्या चादरीवर. लोक कुठे हसले आणि कुठे मोबाइल काढले हे अंधारात मागं बसून टिपा, आणि त्याप्रमाणे पुन्हा कापा. मग महोत्सव. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. प्रवेशिकांचे नियम त्या त्या वर्षी वाचून घ्या. चित्रपटगृहात सार्वजनिक खेळ लावायचा असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, यूट्यूबला ते लागत नाही.

यूट्यूबवर टाकताना सुरुवातीलाच पाटी द्या: पात्रं, ठाणं आणि गाव काल्पनिक आहे. ज्या ठाण्यानं अर्जावर शिक्का दिला त्यांना लिंक स्वतःहून पाठवा. ते बघतात, आणि फितींच्या चुका काढतात. त्या चुका लिहून घ्या, पुढच्या फिल्मच्या ड्रेपरीवाल्याला दाखवायला.